सेन्सरचा आकडा रोज येईल, पण तो बघणार कोण?

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी मानेवाड्याला राहते. घरी मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. आईंचं वय ६८. सहा वर्षांपूर्वी अटॅक आला, तेव्हापासून हार्टचं पंपिंग २५ टक्क्यांवर आहे. गेल्या वर्षभरात तीनदा भरती करावं लागलं. दिवाळीनंतर एकदा आणि फेब्रुवारीत लग्नाहून परतल्यावर एकदा फुफ्फुसात पाणी झालं. मे महिन्यात चक्कर येऊन मोरीत पडल्या, तेव्हा बीपी ८० वर आलं होतं आणि किडनीचा रिपोर्टही बिघडला होता.

माझे मोठे दीर पुण्याला असतात. हृदयाजवळच्या नसेत बसवायचा एक सेन्सर निघाला आहे, तो रोज घरबसल्या दाब मोजतो, असं त्यांनी वाचलं. खर्च मी करतो म्हणतात. "आकडे माझ्या मोबाईलवर आले की घरी काय चाललंय ते मला इथून कळेल," असंही म्हणाले. मीठ मोजून टाकते मी, गोळ्या देते मी, रात्री उठते मी. ते वाक्य मला फार लागलं. आई म्हणतात, "कायले पायजे मले ते? माह्या छातीत का चालू हाये ते मले समजते." मिस्टर दोन्हीकडून गप्प. दिवाळीला भाऊजी येतील तेव्हा काय ते ठरवायचं आहे. सेन्सर बसवावा का?

सध्या आईंची तब्येत ठीक आहे. चार दिवसांपासून फक्त खुर्चीतच झोपतात. आडवं झालं की उकडतं म्हणतात.

— एक सून, नागपूर

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी मी तुम्हाला उलट दोन ओळी पाठवल्या होत्या : सदराची वाट बघू नका, आईंना आज संध्याकाळीच डॉक्टरांकडे न्या. बाकीच्या वाचकांना त्याचं कारण कळावं म्हणून इथे पुन्हा लिहिते. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची होती, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली होती. माणूस आडवा झाला की पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे येतं. हृदय अशक्त असलं तर त्याला ते पुढे ढकलता येत नाही, फुफ्फुसात दाब वाढतो आणि जीव गुदमरतो. उठून बसलं की बरं वाटतं. आपल्याकडच्या बायका याला "दम लागतो" म्हणत नाहीत. "उकडतं", "घाबरल्यासारखं होतं", "पंखा वाढव ना जरा" असं म्हणतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात घरच्यांनाही ते पटतं.

तुम्ही कळवलंत की दवाखान्यात आईंचं वजन मागच्या भेटीपेक्षा २ किलो ४०० ग्रॅम जास्त भरलं, डॉक्टरांनी पाण्याची गोळी काही दिवसांसाठी दुप्पट केली आणि तिसऱ्या रात्री आई पलंगावर, दोन उशांवर झोपल्या. वाचून बरं वाटलं. चौथी भरती टळली, आणि ती तुमच्या लक्ष देण्यामुळे टळली. राहिलं होतं ते एवढंच, की तुम्हाला जे दिसलं ते चार दिवस कुणापर्यंत पोचलं नाही. सेन्सर बसवावा की नाही, हा प्रश्न मला याच चार दिवसांचा वाटतो. आकडा आला, तर तो कुणाच्या टेबलावर येणार, आणि तो बघून त्याच दिवशी गोळी कोण बदलणार?

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते, कारण भाऊजींनी वाचलं ते खोटं नाही. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीला पल्मनरी आर्टरी म्हणतात. डावं हृदय नीट उपसत नसलं की दाब मागे मागे तुंबत या धमनीपर्यंत येतो. २०२३ च्या सप्टेंबरातली पुराची ती रात्र नागपूरकर विसरलेले नाहीत : अंबाझरी तलावाची पातळी आधी चढली, घरांत पाणी नंतर शिरलं. इथेही तसंच होतं. या धमनीतला दाब पायाला सूज येण्याच्या, वजन वाढण्याच्या कितीतरी आधी, पुष्कळदा दोन-तीन आठवडे आधी चढायला लागतो. रुग्णाला तोवर काहीच जाणवत नाही. आई म्हणतात की छातीतलं मला समजतं. ते खरं आहे, पण उशिरा समजतं.

कार्डिओमेम्स नावाचा जो सेन्सर जास्त वापरला जातो, तो जेमतेम १५ मिलिमीटर लांब आहे, उडदाच्या दोन-तीन दाण्यांएवढा. त्यात बॅटरी नाही, वायर नाही. आत तारेचं एक वेटोळं आणि दाबाने किंचित दबणारा एक भाग असतो. जांघेतल्या शिरेतून नळी घालून, जागा बधिर करून, तो पल्मनरी आर्टरीच्या एका फांदीत नेऊन सोडतात. दोन बारीक तारांचे फास त्याला तिथे धरून ठेवतात. छाती उघडावी लागत नाही. नंतर घरी रोज सकाळी एका खास उशीवर निजायचं. उशीतला अँटेना रेडिओलहरी सोडतो, त्या लहरींवर सेन्सर दाबाप्रमाणे वेगवेगळा प्रतिसाद देतो, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत आकडा तयार होऊन दवाखान्याच्या संगणकावर जातो. बसवल्यावर महिनाभर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या लागतात, म्हणून ज्यांना रक्तस्रावाचा धोका आहे त्यांना तो बसवत नाहीत. एकदा बसवला की तो तिथेच राहतो, हेही आईंना आधी सांगायला हवं.

अमेरिकेत त्याला २०१४ साली मान्यता मिळाली. ज्या चाचणीच्या जोरावर मिळाली तिची रचना तुम्ही आणि भाऊजी दोघांनीही समजून घ्या, कारण तुमच्या घरातल्या वादाचं उत्तर तिच्यात आहे. ५५० रुग्ण होते. सेन्सर त्या सगळ्यांना बसवला. सगळे रोज उशीवर निजत होते, सगळ्यांचे आकडे निघत होते. फरक इतकाच, की अर्ध्या रुग्णांचे आकडे त्यांच्या डॉक्टरांना दिसत होते आणि उरलेल्यांचे दिसत नव्हते. ज्यांचे दिसत होते त्यांच्या गोळ्या डॉक्टरांनी आकडा बघून वरखाली केल्या. सहा महिन्यांत त्या गटात हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हृदयाचं पंपिंग अपुरं पडल्यामुळे, भरती होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं, पुढे सरासरी सव्वा वर्षापर्यंत बघितलं तेव्हा ३७ टक्क्यांनी. छातीत सेन्सर दोघांच्याही होता! २०२३ साली नेदरलँडमधल्या ३४८ रुग्णांच्या चाचणीतही भरती ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र १००० रुग्णांच्या आणखी एका चाचणीत, २०२१ साली, ठरवलेल्या मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नाही. आणि भरती कमी होण्याचा पुरावा जितका भक्कम आहे तितका आयुष्य वाढण्याचा नाही.

याची दुसरी बाजू मी मुद्दाम सांगते, कारण जाहिरातीत ती नसते. काही जणांच्या छातीत बसवलेल्या पेसमेकरसारख्या यंत्रात फुफ्फुसातलं पाणी ओळखायची सोय असते : पाणी वाढलं की छातीचा विजेला होणारा विरोध कमी होतो, तो यंत्र मोजतं. ३३५ रुग्णांच्या एका चाचणीत असं यंत्र पाणी वाढताच रुग्णाला ऐकू येईल असा आवाज करत असे. २०११ साली निकाल आला, तेव्हा आवाज चालू असलेल्यांच्या भरती उलट वाढल्या होत्या. आवाज झाला की माणूस घाबरून धावत सुटतो, आणि समोरचा डॉक्टर काळजीपोटी भरती करून घेतो. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतली १६५३ रुग्णांची चाचणी आली होती. रुग्णांनी रोज फोनवर, मशीनच्या प्रश्नांना उत्तरं देत, आपलं वजन आणि त्रास नोंदवायचा. काहीच फरक पडला नाही. कित्येकांनी मधेच फोन करणं सोडलं होतं. आणि मग २०१८ ची जर्मनीतली चाचणी बघा. १५७१ रुग्ण, छातीत काही बसवलेलं नाही, घरी फक्त वजनकाटा, बीपीचं यंत्र, ईसीजी आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र. पण पलीकडे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसलेले. तिथे दवाखान्यात जाणारे दिवस कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले.

एक माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगते. माझ्या एका जुन्या पेशंटला, शाळेतून निवृत्त झालेल्या सरांना, शॉक देणारं यंत्र बसवलं होतं. त्याच्यासोबत उशाशी ठेवायचा एक लहानसा डबा मिळाला. रात्री सर झोपले की तो डबा छातीतल्या यंत्राशी बोलायचा आणि माहिती दवाखान्यात पाठवायचा. जूनमध्ये ते माझ्याकडे सुजलेले पाय घेऊन आले. मी डब्याबद्दल विचारलं, तर घरचे म्हणाले, "चालू आहे ना, लाइट दिसतो." मी त्यांच्या घरी गेले. लाइट दिसत होता तो मोबाईलच्या चार्जरचा. पलंगाजवळ प्लगची जागा एकच होती, आणि एप्रिल लागल्यावर कूलर बाहेर काढला तेव्हा डब्याची पिन काढून कूलरची लावली होती. डबा पलंगाखाली होता, त्याच्यावर खसच्या ताटीचा भुगा बसला होता. घरच्यांचा मला राग आला नाही. नागपूरच्या मे महिन्यात कुणीही कूलरच लावील. माझं दुःख वेगळं होतं. दोन महिने त्या डब्याकडून एक अक्षर आलं नव्हतं आणि ज्या दवाखान्यात ते यायला हवं होतं तिथून सरांना कुणी एक फोन केला नाही. तिथे ते बघायचं काम कुणाच्या नावावर नव्हतंच.

म्हणून भाऊजी पैसे द्यायला तयार असतील, तर पैसे देण्याआधी त्यांनी दवाखान्यात बसून काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. आकडे रोज कोण बघतं, त्या माणसाचं नाव काय? रविवारी कोण बघतं, आणि दिवाळीच्या चार दिवसांत कोण? आकडा वर गेला तर आम्हाला फोन किती वेळात येईल? दोन दिवस आकडा आलाच नाही, तर कुणाच्या लक्षात येईल? यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला कुठे जायचं? "आमची सिस्टीम ऑटोमॅटिक आहे" हे उत्तर मिळालं तर उठून या. एखाद्या नर्सचं नाव आणि नंबर मिळाला, तर बोलणं पुढे न्या. फुफ्फुसाच्या धमनीतला हा सेन्सर आपल्याकडे सहज मिळणारी वस्तू नाही, यंत्राचीच किंमत लाखांत जाते, आणि तो बसवून पुण्या-मुंबईच्या दवाखान्याकडे आकडे पाठवायचे झाले तर रात्री दोन वाजता त्या आकड्याचा मानेवाड्यातल्या आईंना काय उपयोग, हेही विचारायला हवं.

आता तुमच्या आईंच्या तीन भरतींबद्दल. भाऊजी त्या तीन म्हणून मोजतात. मला त्या दोन आणि एक दिसतात. दिवाळी आणि लग्न, दोन्ही मिठाच्या. चिवडा, चकली, शेव, पंगतीतली भाजी, पापड, लोणचं. कुणी मुद्दाम जास्त खात नाही, पण चार दिवस थोडं थोडं सगळ्याच ताटात असतं. मे महिन्याची भरती अगदी उलट होती. तेव्हा पाणी वाढलं नव्हतं, आटलं होतं. या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तशा उन्हात घामातून इतकं पाणी आणि मीठ जातं, की हिवाळ्यात बरोबर असलेला पाण्याच्या गोळीचा डोस मेमध्ये जड होतो. बीपी उतरतं, किडनीला रक्त कमी पडतं, माणूस मोरीत पडतो. आईंना सेन्सर असता, तर त्याने हेही दाखवलं असतं, कारण दाब फार खाली गेलेलाही त्यात दिसतो. पण हे सेन्सरशिवायही टाळता येतं. होळी झाली की डॉक्टरांना भेटायचं आणि विचारायचं, "उन्हाळ्यात टॉरसेमाइड, म्हणजे पाण्याची गोळी, किती द्यायची?" उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी फोन करायचा, कारण तेव्हा पाण्याची गोळी आणि साखरेवरची ग्लिफ्लोझिनची गोळी काही दिवस थांबवावी लागू शकते. स्वतःच्या मनाने मात्र बंद करायची नाही.

उन्हाळ्यात आणखी एक होतं. शेजारचे प्रेमाने शहाळी आणतात, घरात संत्र्याचा रस निघतो, आणि कुणीतरी "बीपीवाल्यांसाठी चांगलं" म्हणून कमी सोडियमचं मीठ आणून देतं. आई स्पायरोनोलॅक्टोन घेत असतील, आणि पंपिंग २५ असलेल्या बहुतेकांना ती गोळी असते, तर पोटॅशियम शरीरात साठतं. शहाळ्यात ते भरपूर असतं, संत्र्यातही असतं, आणि त्या खास मिठात तर सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बंद पडू शकतात. एखादं संत्रं खाल्लं तर काही होत नाही. रोजचा ग्लासभर रस आणि ते मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तुम्ही मीठ मोजता म्हणालात. साधंच मीठ मोजा, दिवसभराचं मिळून एक चमचा भरायच्या आत, आणि त्यात पापड-लोणच्यातलं मीठही धरा. गुडघे दुखले म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घरात असेल तर आजच बाजूला काढा. त्या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात आणि किडनीला त्रास देतात.

सेन्सरच्या आधी एक काम मला जास्त निकडीचं वाटतं. आईंच्या सगळ्या गोळ्यांचं पाकीट घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि विचारा : पंपिंग कमी असलेल्यांना ज्या चार प्रकारच्या गोळ्या द्यायला हव्यात, त्या चारही आईंना आहेत का, आणि त्यांचा डोस आईंना झेपेल तितका वाढवला आहे का? चार म्हणजे सॅक्युबिट्रिल-वलसार्टन किंवा तिच्या कुळातली, मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी, स्पायरोनोलॅक्टोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यातल्या बऱ्याच आता जेनेरिक मिळतात, पूर्वीइतक्या महाग राहिलेल्या नाहीत. तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली १२०५ रुग्णांची नोंद ठेवली होती. भरती झालेल्यांपैकी वर्षभरात सुमारे ३१ टक्के लोक दगावले. आणि पंपिंग कमी असलेल्यांपैकी फक्त पाव हिश्श्याला दवाखान्यातून सुट्टी होताना पुरेशी योग्य औषधं मिळाली होती. हा आकडा लिहिताना माझा हात जड होतो, पण आईंच्या तीन भरती म्हणजे काय, ते घरातल्या प्रत्येकाला, मिस्टरांनाही, कळायला हवं. आता दुसरा आकडा. २०२२ साली १०७८ रुग्णांवर केलेल्या एका चाचणीत सुट्टी झाल्यावर दोन आठवड्यांत यातल्या पहिल्या तीन प्रकारच्या गोळ्या पूर्ण डोसपर्यंत नेल्या आणि दोन महिन्यांत चारदा तपासायला बोलावलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती, असं मिळून नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के, या पद्धतीत १५.२ टक्के. त्यांच्यापैकी कुणालाही सेन्सर लागला नव्हता.

त्याच भेटीत आणखी एक विचारा. अटॅकनंतर सहा वर्षं झाली, पंपिंग ३५ च्या खाली आहे, तर आईंना शॉक देणाऱ्या यंत्राची, म्हणजे आयसीडीची, किंवा हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र चालवणाऱ्या सीआरटी यंत्राची गरज आहे का? ईसीजीत डाव्या बाजूचा ब्लॉक (रक्तवाहिनीतला नव्हे, हृदयातल्या विजेच्या वाटेतला) असेल, तर सीआरटीने हृदयाचं उपसणंच सुधारू शकतं. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही. कदाचित बोलणं झालंही असेल. झालं नसेल तर भाऊजींचा खर्च आधी इथे लागायला हवा, कारण हे यंत्र अचानक येणारा मृत्यू टाळण्यासाठी असतं. आणि त्यातल्या काही यंत्रांमध्ये पाणी, श्वास, ठोके, हालचाल मोजणारे सेन्सर आधीच असतात. माहिती उशाच्या डब्यातून किंवा मोबाईलमधून दवाखान्यात जाते. म्हणजे भाऊजींना हवं ते एका वेगळ्या वाटेने मिळू शकतं. खर्चासाठी सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत किंवा मिहानच्या एम्समध्ये विचारा, आणि जिथे जाल तिथल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते बघा. वयाची ७० पूर्ण झाली की २०२४ पासून आयुष्मानमध्ये उत्पन्नाची अट नाही, आईंना त्याला दोन वर्षं आहेत.

घरातलं तुमचं काम तुम्हाला येतं, फक्त त्याला कागद जोडा. साधा डिजिटल वजनकाटा घ्या, तो फरशीवर एकाच जागी ठेवा, गादीवर किंवा सतरंजीवर नको. सकाळी आई लघवीला जाऊन आल्या की चहाच्या आधी, घरातल्या साध्या साडीत. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचा, आणि त्याच्या खाली रात्री किती उशा लागल्या तो आकडा. आणखी एक खूण मी नेहमी विचारते : दारात रांगोळी काढायला किंवा चपलेचा पट्टा लावायला वाकल्यावर अर्ध्या मिनिटात दम लागतो का? वाकल्यावरचा दम हा आत दाब वाढल्याचा चांगला पुरावा आहे. तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, किंवा उशी वाढली, तर काय करायचं हे डॉक्टरांकडून त्यांच्या हस्ताक्षरात लिहून घ्या : पाण्याची गोळी किती, किती दिवस, आणि फोन कुणाला. तो कागद औषधाच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवा. वजनाची खूण धमनीतल्या दाबापेक्षा उशिरा येते, काहींचं वजन भरती होईपर्यंत वाढतच नाही, हे मी लपवणार नाही. पण ती तुमच्याकडे उद्या सकाळपासून आहे.

भाऊजींबद्दल. "घरी काय चाललंय ते मला कळेल" हे वाक्य तुम्हाला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. जो रात्री उठतो त्याच्यावर संशय घेऊ नये. तरी लांब राहणाऱ्या मुलाच्या मनात काय चालतं तेही मी पुष्कळ पाहिलंय. फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येतो, आणि हातात काहीच नसतं, म्हणून तो आकडे मागतो. त्यांना आकडे हवे असतील तर कॅलेंडरचा फोटो रोज पाठवा, एका अटीवर : आकड्यावरून तुम्हाला प्रश्न विचारायचा नाही, विचारायचं तर डॉक्टरांना. त्या धमनीच्या सेन्सरचे आकडेही मुळात दवाखान्याकडे जातात, आणि ते आईंचे असतात, मुलांचे नसतात. आणि त्यांना एक काम द्या. मे महिन्यात आठ दिवस रजा काढून त्यांनी इथे राहावं आणि तुम्ही माहेरी जावं. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. तुम्ही दमलेल्या आहात, ते तुमच्या पत्रात दिसतं.

शेवटचा निर्णय आईंचा. त्यांना विचारताना सगळे मिळून समोर बसू नका, तुम्ही एकट्या विचारा, दुपारी, भांडी आवरल्यावर. त्यांना पहारा नको आहे. त्यांना सांगा की सेन्सर काय खाल्लं ते ओळखत नाही, पण पापड जास्त झाले तर दोन-तीन दिवसांत दाब चढलेला दिसू शकतो, आणि तो दिसला तर घरात कुणी बोलणार नाही, फक्त गोळी बदलेल. हा शब्द मिस्टरांनी त्यांच्यासमोर द्यायला हवा, त्यांनी आता गप्प राहून चालणार नाही. एवढं ऐकूनही त्या नको म्हणाल्या, तर नको. कॅलेंडर आणि काटा चालू ठेवा.

दिवाळीला दोन आठवडे आहेत. भाऊजी येतील त्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, आई, मिस्टर आणि भाऊजी तिघांनी जावं आणि चार गोळ्यांचं, यंत्राचं आणि "आकडा कोण बघणार" हे सगळं त्यांनी विचारावं. तुम्ही कॅलेंडर पाठवा. फराळाचं म्हणाल तर आईंसाठी चिवडा वेगळा काढा, फोडणीत हिंग, जिरं, कढीपत्ता आणि थोडी आमचूर, मीठ नाही. पहिल्या दिवशी त्या नाक मुरडतील. आणि त्या चार दिवसांत सकाळचं वजन एकदाही चुकवू नका.